बिलचे दोन उजवे हात

सायन्स फिक्शन म्हटलं की आमच्या ग्रुपमधले निम्मे लोक जांभई देतात. 'तेच ते रे, यानं, किरणं आणि परग्रहावरची मारामारी!' खास या मंडळींसाठी या वीकएंडचं पुस्तक: अमेरिकन लेखक हॅरी हॅरिसनचं 'बिल, द गॅलॅक्टिक हीरो'. कादंबरी १९६५ ची, पण वाचताना जाम हसाल.

बिल हा खेडवळ ग्रहावरचा साधा पोरगा. यंत्र-खेचरामागे नांगर धरावा आणि पुढेमागे 'खत तंत्रज्ञ' व्हावं, एवढंच त्याचं करिअर प्लॅनिंग. गावात वाजतगाजत भरतीवाला सार्जंट येतो, गोड बोलून काहीतरी पाजतो आणि सही घेतो. झालं! पुढे तोंडात सुळे बसवून घेतलेला ड्रिल मास्तर, मग युद्धनौका. तिथलं बिलचं शौर्याचं काम काय? जळालेला फ्यूज काढायचा, नवा घालायचा! एका लढाईत त्याचा डावा हात जातो. डॉक्टर मेलेल्या सहकाऱ्याचा हात जोडतात, तोही उजवा. त्याच लढाईत बिलनं उगाच एक बटण दाबलेलं असतं आणि शत्रूचं जहाज उडालेलं असतं, म्हणून तो हीरो! दोन्ही उजव्या हातांनी सॅल्यूट ठोकणारा.

आणि शत्रू? प्रचारात सात फुटी राक्षसी सरडे. प्रत्यक्षात उंची सात इंच.

हॅरिसन स्वतः दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करात होता आणि ते दिवस त्याला अजिबात आवडले नव्हते. १९५९ साली रॉबर्ट हाइनलाइननं 'स्टारशिप ट्रूपर्स' लिहून सैनिकी शिस्तीचे गोडवे गायले. त्याची रेवडी हॅरिसननं इथे मनसोक्त उडवलीय. वर्दीतला माणूस वाईट, असं तो म्हणत नाही. माणसाचा फ्यूज करणारी यंत्रणा वाईट, एवढंच सांगतो. उडाला की बदला.

शेवट सांगणार नाही. एवढंच सांगते, की शेवटी भरती करणारा कोण आणि भरती होणारा कोण हे कळलं, तेव्हा माझं हसू घशातच अडकलं. कारण दोन वर्षांपूर्वी रेफरल बोनससाठी मी माझ्या मावसभावाला आमच्याच कंपनीत चिकटवलं होतं. 'मस्त कल्चर आहे रे!' असं त्याला सांगताना मी स्वतः मात्र रोज रात्री दहाला कॅब पकडत होते. बोनसमधून सँडल्स घेतल्या. तो अजून तिथेच आहे, नाइट शिफ्टला.

आमच्या कामात कुणी मरत नाही, तुलना तिथेच संपते. पण बिलसारखी साधी माणसं त्या सार्जंटची जागा कशी घेतात, ते दीडेकशे पानांत इतकं नेमकं सांगणारं दुसरं पुस्तक मला तरी माहीत नाही. वाचा. हसा. मग शेवटचं पान पुन्हा एकदा वाचा.

मी माझी कॉपी मावसभावाला दिलीय. रविवारी फोन करणारे.