विश्लेषण : माणूस फ्रीमेसन नेमका कधी होतो?

‘फ्रीमेसन व्हा, पैसा, प्रतिष्ठा आणि ओळखी मिळवा’ अशा आशयाच्या जाहिराती समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतात. सोबत एखादा व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक असतो आणि ‘नोंदणी शुल्क’ मागितले जाते. महाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम करणारा किंवा पोलादपूरहून मुंबईला नोकरी शोधायला गेलेला तरुण अशा जाहिरातीवर क्षणभर थांबला तर नवल नाही. फ्रीमेसन या शब्दाभोवती गूढ इतके आहे की खरे-खोटे पारखणे अवघड जाते. म्हणून ही संघटना काय आहे, तिचे सदस्यत्व कसे मिळते आणि मिळाल्यावर त्याचा अर्थ काय, हे समजून घ्यायला हवे.

फ्रीमेसन म्हणजे कोण?

मेसन म्हणजे गवंडी. मध्ययुगीन युरोपात चर्च आणि किल्ले बांधणाऱ्या पाथरवटांच्या संघटना होत्या. पुढे बांधकामाशी संबंध नसलेले लोकही अशा मंडळांत येऊ लागले आणि गवंड्याची अवजारे नीतीची प्रतीके बनली. गुण्या म्हणजे वागण्यातील सचोटी, कंपास म्हणजे स्वतःला घातलेली मर्यादा, ओळंबा म्हणजे सरळ चारित्र्य, अशी ही शिकवण. १७१७ मध्ये लंडनमध्ये पहिली ग्रँड लॉज स्थापन झाली, असे परंपरेने मानले जाते.

येथे ‘लॉज’ म्हणजे मुक्कामाची जागा नव्हे, तर सदस्यांची स्थानिक शाखा. भारतात १७३०च्या सुमारास कोलकात्यात पहिली लॉज सुरू झाली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ‘ग्रँड लॉज ऑफ इंडिया’ ही स्वतंत्र संस्था अस्तित्वात आली. मुंबईत फोर्ट भागात ‘फ्रीमेसन्स हॉल’ ही त्यांची जुनी इमारत आहे. फ्रीमेसनरी हा धर्म नाही आणि राजकीय पक्षही नाही. लॉजच्या बैठकीत धर्म आणि राजकारणावर वाद घालण्यास मनाई असते. गुप्तता पाळली जाते ती प्रामुख्याने विधी आणि एकमेकांना ओळखण्याच्या खुणांबाबत.

प्रवेश कसा मिळतो?

इच्छुक प्रौढ पुरुष असावा, त्याची ईश्वरावर श्रद्धा असावी आणि समाजात नाव चांगले असावे, या मूळ अटी. ईश्वर कोणत्या धर्माचा, हे विचारले जात नाही. एक सदस्य नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो. चौकशी आणि मुलाखत होते. त्यानंतर गुप्त मतदान. त्यासाठी पांढऱ्या आणि काळ्या गोट्या वापरण्याची प्रथा आहे. ठरावीक संख्येने काळ्या गोट्या पडल्या की अर्ज फेटाळला जातो.

निवड झाल्यावर दीक्षाविधी होतो. उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली असते. आपल्या धर्मग्रंथावर हात ठेवून तो शपथ घेतो. भारतातील लॉजमध्ये त्यासाठी गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथ साहिब असे अनेक ग्रंथ ठेवले जातात. शपथेपूर्वी त्याला जाहीर करावे लागते की आपण पैशाच्या किंवा कोणत्याही स्वार्थाच्या हेतूने येत नसून स्वेच्छेने येत आहोत.

मग ‘ऑनलाइन सदस्यत्व’ खरे असते का?

नाही. चौकशी करण्यासाठी संकेतस्थळ वापरता येते, पण प्रत्यक्ष ओळख, मतदान आणि समोरासमोरचा विधी याशिवाय कोणी मेसन होत नाही. लॉजला प्रवेश शुल्क आणि वार्षिक वर्गणी असते, हे खरे. परंतु न पाहिलेल्या माणसाकडून आधीच पैसे घेऊन श्रीमंतीचे आश्वासन देणारी जाहिरात लॉजची असू शकत नाही. पैशासाठी येत नाही, हे जिथे आधी वदवून घेतले जाते, तिथे पैशाचे आमिष दाखवून सदस्य कसे मिळवले जातील? परदेशातील ग्रँड लॉजनीही अशा फसवणुकीबाबत जाहीर इशारे दिले आहेत. पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम थांबवण्याची शक्यता कमी.

माणूस मेसन होतो तो कोणत्या दिवशी?

याची तीन उत्तरे आहेत. शपथ घेतली त्या दिवसापासून तो मेसन असतो. ही पहिली पायरी, शिकाऊची. दुसरी पायरी कारागिराची आणि तिसरी ‘मास्टर मेसन’ची. तिसरी पायरी गाठल्यावर तो पूर्ण सदस्य मानला जातो. नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, यांनी १८८४ मध्ये कोलकात्याच्या ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये ही दीक्षा घेतली होती.

दुसरे उत्तर वर्गणीचे. ती थकली किंवा राजीनामा दिला तर लॉजचे सदस्यत्व संपते. झालेली दीक्षा मात्र पुसली जात नाही. तिसरे उत्तर मेसन स्वतःच देतात आणि ते सर्वांत अवघड आहे: तयारी आधी मनात व्हावी लागते आणि शपथेतील बंधुत्व वागण्यात उतरावे लागते. विधी एका संध्याकाळी पार पडतो. वागणे कोणत्याही रजिस्टरमध्ये नोंदवता येत नाही.

हे बंधुत्व मुंबईत कसे तपासले गेले?

माणेकजी करसेटजी हे मुंबईतील पारशी समाजसुधारक. मुलींच्या इंग्रजी शिक्षणासाठीही त्यांनी पुढे काम केले. मेसनच्या अटींत बसणाऱ्या या गृहस्थांना मुंबईच्या युरोपीय लॉजने प्रवेश नाकारला. अखेर त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. ते रीतसर मेसन झाले, तरी परतल्यावर मुंबईतील या ‘बंधूं’नी त्यांना आपल्यात घेतले नाही. शेवटी डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज निघाली आणि भारतीयांसाठी दार उघडले.

कोलकात्यात प्रसन्नकुमार दत्त यांना तर १८६३ पासून १८७२ पर्यंत थांबावे लागले. अनेक देव मानणारा हिंदू एका परमेश्वराची शपथ कशी घेणार, असा आक्षेप होता. अखेर ज्या लॉजने त्यांना प्रवेश दिला, तिथेच १२ वर्षांनी विवेकानंद आले. सर्व माणसे समान हे तत्त्व लॉजच्या शिकवणीत सुरुवातीपासून होते. प्रत्यक्षात ते उतरले ते कोणीतरी दार ठोठावत राहिल्यामुळे.

महाडकरांना हा फरक ओळखीचा का वाटावा?

कागदावरचा प्रवेश आणि प्रत्यक्ष प्रवेश यांतील अंतर महाडने देशाला दाखवून दिले आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तळ्यावर जाण्याची सोय झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये आला.

लॉज ही खासगी संस्था आहे, तर पाणी हा माणसाचा हक्क. त्यामुळे दोन्हींची बरोबरी होत नाही. खासगी मंडळाला सदस्य निवडण्याचा अधिकार असतो, गावाला माणूस निवडण्याचा नसतो. पण जी संस्था बंधुत्वाचे नाव घेते, तिला महाडचा प्रश्न विचारता येतो: ठरावात लिहिलेले ओंजळीपर्यंत पोहोचते का? मुख्य प्रवाहातील लॉजमध्ये महिलांना आजही प्रवेश नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या लॉज आहेत. तेव्हा हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही.

मग सदस्यत्वाचा अर्थ काय?

महाड-पोलादपूरच्या गावागावांतील चाकरमान्यांची मुंबईत ग्रामस्थ मंडळे आहेत. वर्गणी भरली की वहीत नाव येते. पण गावात दरड कोसळली, कोणी आजारी पडले, मुंबईत एखाद्याचे निधन झाले की कोण धावून येतो, हे सर्वांना ठाऊक असते. वारकऱ्याचेही तसेच. माळ गळ्यात पडली की तो माळकरी होतो. ती माळ पुढे पाळावी लागते. एकादशी, वारी, आहार आणि बोलण्यातील संयम यांतून.

फ्रीमेसनचे सदस्यत्व याच जातीचे आहे. त्यातून ओळखी वाढतात, दानधर्माच्या कामात भाग घेता येतो, चार नव्या माणसांचा सहवास मिळतो. नोकरी, कंत्राट किंवा कायद्यापासून संरक्षण मिळत नाही, आणि त्यासाठी मागणे हा शपथेचाच भंग ठरतो. त्यामुळे कोणत्याही संस्थेत, मग ती लॉज असो, क्लब असो वा गावचे मंडळ, नाव नोंदवण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: ही संस्था माझ्याकडून काय करून घेणार आहे, आणि ती कोणाला दाराबाहेर ठेवते?