प्लग निवडताना ठिणगी नव्हे, उष्णता पाहा

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर एक दट्ट्या, म्हणजे मोटारीच्या इंजिनातील पिस्टन, ठेवलेला आहे. त्याच्या माथ्यावर रुपयाएवढे भोक आहे. काठ मेणबत्तीच्या ओघळांसारखे वितळलेले. नवीन विद्यार्थ्यांना वाटते, कोणीतरी ड्रिलने भोक पाडले असावे. खरे कारण अंगठ्याएवढा एक नवा कोरा, महागडा स्पार्क प्लग हे आहे.

तो दट्ट्या आणून देणारा माझा जुना विद्यार्थी. मोटारींचे त्याला विलक्षण वेड. त्याने आपल्या टर्बो बसविलेल्या गाडीत हवेचा दाब वाढवून घेतला आणि आता शक्तिशाली गाडीला शक्तिशाली प्लग हवा म्हणून इरिडियमचा प्लग आणला. मग गाडी घेऊन तो कोइमतूरजवळच्या शर्यतीच्या पथावर गेला. चौथ्या फेरीत इंजिन बसले. "सर, ठिणगी तर आधीपेक्षा जोरदार होती!" असे तो मला म्हणाला. विद्यार्थी मित्रहो, या एका वाक्यातच सारी चूक आहे, आणि ती फक्त त्याचीच आहे असे नाही.

दिवाळीतला सुतळी बाँब उदबत्तीने पेटवा की मशालीने, आवाज तेवढाच होतो. इंजिनाचेही तसेच. अर्धा लिटर मापाच्या सिलिंडरमध्ये एका वेळी सुमारे ०.६ ग्रॅम हवा मावते. तिच्याबरोबर जळायला लागते साधारण ०.०४ ग्रॅम पेट्रोल. एक ग्रॅम पेट्रोलातून सुमारे ४४,००० ज्यूल उष्णता मिळते. म्हणजे या चिमूटभर पेट्रोलातून १,७००–१,८०० ज्यूल. आणि ठिणगीची ऊर्जा? सुमारे ०.०५ ज्यूल! ती दुप्पट केली तरी पेट्रोलातील ऊर्जा वाढत नाही. जुना झिजलेला प्लग मधूनमधून ठिणगी चुकवीत असेल, तर नव्या प्लगने हरवलेली शक्ती परत येते, इतकेच. नवी शक्ती येत नाही. पाकिटावर काहीही छापलेले असो.

मग प्लगमध्ये निवडायचे काय? माझ्या मते पहिली गोष्ट उष्णता, आणि धातूचा विचार त्यानंतर.

प्लगच्या टोकाशी जे पांढरे नाक दिसते ते ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असते. वीज इकडेतिकडे जाऊ नये म्हणून ते बसवितात. हे नाक सुमारे ५०० अंश सेल्सिअसपेक्षा थंड राहिले, तर त्यावर काजळी धरते. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बन विजेचा वाहक. मग वीज फटीतून उडी मारण्याऐवजी काजळीवरून हळूच निसटून जाते आणि गाडी 'मिसिंग' करू लागते. याउलट नाक ८००–८५० अंशांपलीकडे तापले, तर ते निखाऱ्याचे काम करते. ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटते. याला पूर्वज्वलन म्हणतात. दट्ट्या अजून वर चढत असतो आणि जळता वायू त्याला खाली रेटत असतो. जळत्या वायूचे तापमान २,००० अंशांच्या वर जाते आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. एरवी दट्ट्या वाचतो, कारण उष्णता त्याच्यातून सतत बाहेर जात असते. पूर्वज्वलनात हा हिशेब बिघडतो, आणि तो बिघडला की काही क्षणांचा खेळ.

म्हणून प्लगमध्ये 'गरम' आणि 'थंड' असे प्रकार करतात. नाक लांब असले, की उष्णतेला आट्यांपर्यंत आणि तिथून इंजिनाच्या हेडपर्यंत जायला लांबचा रस्ता. तो गरम प्लग. नाक आखूड, तर थंड. ठिणगीच्या तापमानाशी या शब्दांचा काडीचाही संबंध नाही. गावात सावकाश फिरणाऱ्या गाडीला शर्यतीचा थंड प्लग बसवणे हा निव्वळ शौक आहे. तो काळा पडणारच. पण इंजिनाचा दाब वाढविला असेल, तर एक पायरी थंड प्लग घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फार थंड प्लगची शिक्षा म्हणजे काजळी, फार गरम प्लगची शिक्षा म्हणजे माझ्या टेबलावरचा दट्ट्या.

आता त्या विद्यार्थ्याची बाजूही सांगितली पाहिजे. थंड प्लग घ्यावा हे त्याने कुठेतरी वाचले होते. जुन्या प्लगवरच्या अंकापेक्षा मोठा अंक पाहून त्याने दुसऱ्या कंपनीचा प्लग घेतला. पण एनजीके आणि डेन्सो या जपानी कंपन्यांत अंक वाढला की प्लग थंड होतो, तर बॉश आणि चॅम्पियन यांच्या पद्धतीत अंक वाढला की प्लग गरम होतो! थर्मामीटर निम्म्या जगात उलटा वाचायचा ठरवला तर कसे होईल? त्याने नेमका उलट्या दिशेचा प्लग घेतला. सर्व कंपन्यांनी एकच मापनपट्टी पाकिटावर छापावी, ही मागणी मला मुळीच अवाजवी वाटत नाही. तोवर तुलनेचा तक्ता पाहिल्याशिवाय कंपनी बदलू नये.

इरिडियमला मी नावे ठेवीत नाही. तो २,४४० अंशांच्याही वर वितळतो, लवकर झिजत नाही, म्हणून त्याचे टोक अर्ध्या मिलिमीटरइतके बारीक करता येते. अणकुचीदार टोकाशी विद्युत् क्षेत्र तीव्र असते, त्यामुळे कमी व्होल्टेजवर ठिणगी पडते. निकेलचा साधा प्लग लवकर बदलावा लागतो, पण वेळेवर बदलला तर तोही उत्तम काम देतो. उष्णता बाहेर नेण्याचे काम दोघांच्याही पोटातले तांबेच करते!

फटीबद्दल थोडेसे. फ्रीड्रिख पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखविले, की ठिणगीला लागणारे व्होल्टेज वायूचा दाब आणि फटीची रुंदी यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. टर्बोने दाब वाढविला, तर फट थोडी कमी करावी लागते. त्या विद्यार्थ्याने ती वाढविली होती. कशासाठी, तर ठिणगी मोठी दिसावी म्हणून.

तुमच्या घराजवळच्या गॅरेजमधून दोन-तीन वेगवेगळ्या गाड्यांचे निकामी प्लग मागून आणा. नाकाची लांबी काडीने मोजा, रंग पाहा, अंक लिहून ठेवा. कोणता प्लग कोणत्या गाडीचा होता, हे आधी स्वतः ओळखा आणि मगच मेकॅनिककाकांना विचारा.