आधीच भरलेला केस पेपर

‘प्रेसवर बोट गेलं.’ वालीव, सातिवली, गोखिवरे, कुठल्याही गाळ्याबाहेर एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. पॉवर प्रेस, पायाखालचं पेडल, पत्रा सरकवायला आत गेलेला हात. याच भागातल्या एका छोट्या हॉस्पिटलात मी चार वर्षं कॉम्प्युटरवर केस पेपर आणि डिस्चार्ज कार्डं बनवते. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही. नोकरी हवी आहे.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःची टेम्प्लेट्स बनवता येतात. हाताच्या जखमेचं मी बनवलं. बटण दाबलं की पानभर इंग्रजी हजर: धारदार वस्तूने अपघाती जखम, पेशंट शुद्धीवर, बीपी नॉर्मल, हाडाला इजा नाही, पेशंट उजव्या हाताने काम करतो. डॉक्टरांनी फक्त बोट निवडायचं. वीस मिनिटांचं काम तीन मिनिटांवर आलं. त्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांसाठी समोसे मागवले होते.

मग एक कामगार कार्ड घेऊन परत आला. वकिलाने पाठवलं होतं. डाव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर प्रेसमध्ये गेलेलं, आणि माणूस डावखुरा. कार्डावर: धारदार वस्तू. हाडाला इजा नाही. उजव्या हाताने काम करतो. तिन्ही वाक्यं माझी. त्याने यातलं एकही उच्चारलं नव्हतं. ‘प्रेस’ हा शब्द मात्र तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, मी ऐकलं होतं. हाड गेल्याचं दाखवणारा एक्स-रे त्याच फाईलमध्ये होता.

‘टायपिंगची चूक, त्यात काय!’ असं म्हणणाऱ्यांनी कामगार भरपाईच्या कायद्यातली अनुसूची वाचावी. तर्जनीचं एक पेर गेलं तर कमाईची क्षमता ९ टक्क्यांनी घटली असं धरतात. हाड न जाता नुसतं टोक गेलं तर ५ टक्क्यांनी. मधले ४ टक्के माझ्या टेम्प्लेटने खाल्ले. शिवाय इजा कामावर, कामामुळे झाली हे दाखवावं लागतं, आणि ‘धारदार वस्तू’ म्हणजे घरची विळीसुद्धा होऊ शकते. मालकाला आणखी काय हवं?

डॉक्टरांनी वाचून सही करायला हवी होती, हे खरंच. पण सुबक छापलेल्या पानावर कुणाला शंका येत नाही. जुन्या डॉक्टरांच्या गिचमिड अक्षराचे गोडवे मी गाणार नाही, मला ते वाचता यायचं नाही. पण त्या कागदावर जे विचारलं नाही त्याची जागा रिकामी दिसायची. माझ्या टेम्प्लेटमध्ये न विचारलेलंही भरलेलं दिसतं. डॉक्टर लोकांत ‘डब्ल्यूएनएल’चा जुना विनोद आहे: अर्थ ‘विदिन नॉर्मल लिमिट्स’, खरा अर्थ ‘वी नेव्हर लुक्ड’. आम्ही न बघणं एका बटणावर आणलं.

माझं भांडण साच्याशी नाही. अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी १९६८मध्ये मांडलेली नोंदींची शिस्त हाही साचाच. पेशंट काय सांगतो, तपासणीत काय दिसलं, त्यावरून काय वाटतं, पुढे काय करायचं. पहिला रकाना पेशंटच्या बोलण्याचा. तो साचा प्रश्न विचारतो. माझा साचा उत्तरं देऊन मोकळा होत होता.

आता नवीन आवृत्ती येतेय. मोबाइल टेबलावर ठेवा, तो बोलणं ऐकून तुमचं टेम्प्लेट भरेल. विक्रेत्याच्या डेमोत पेशंट स्वच्छ इंग्रजीत बोलत होता. आमचा पेशंट भोजपुरीत कण्हतो, सोबतचा सुपरवायझर त्याच्या वतीने हिंदीत उत्तरं देतो, डॉक्टर मला मराठीत सांगतात, मी इंग्रजीत लिहिते. यंत्र कुणाचं ऐकणार? जो मोठ्याने बोलेल त्याचं. तो सुपरवायझर असतो.

मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांप्रमाणे पेशंटने मागितलेल्या नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात. आम्ही त्याला वेळेत दिल्या. चुकीच्या दिल्या. एक्स-रे बघून डॉक्टरांनी हाडाबद्दल दुरुस्तीचं पत्र दिलं, हाताचंही दुरुस्त केलं. ‘प्रेस’ लिहायला मात्र तयार झाले नाहीत. ‘तेव्हा नोंद नाही, आता कशी घालू?’ म्हणाले. शब्द ऐकलेली मी समोर उभी होते, आणि गप्प राहिले.

त्या रात्री टेम्प्लेट उघडून तीन रकाने रिकामे केले: काय झालं ते पेशंटच्या शब्दांत, कुठे झालं, कुठल्या हाताने काम करतो. तिन्ही भरल्याशिवाय पान सेव्ह होत नाही. ओपीडीची रांग आता जिन्यापर्यंत जाते. सोमवारी डॉक्टर म्हणाले, ‘ते कंपल्सरी काढून टाक गं, वेळ जातो.’ ‘हो सर,’ म्हटलं. आज शुक्रवार. अजून काढलेलं नाही.