राउटर आपला, म्हणून दोषही आपलाच?

गेवराईतील आमचे कित्येक व्यापारी व कारागीर बांधव आज घरूनच ऑर्डरी घेतात, बिले पाठवतात. नेट बंद म्हणजे धंदा बंद. अशा वेळी राउटर स्वतः विकत घेतलेला असला, की पहिला ठपका त्यावरच येतो आणि ग्राहक निमूटपणे नवा आणायला निघतो. आमचे म्हणणे एवढेच, की आधी तपासा, मग खिशात हात घाला.

फायबरच्या बॉक्सवर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल, तर लाइनमधून सिग्नलच येत नाही; नवा राउटर घेऊन उपयोग नाही. दिवा ठीक असेल, तर राउटरला वायरने संगणक जोडून पाहावा. वायरने नेट चालते, पण वायफायने चालत नाही, तर राउटरची जागा बदलून पाहावी. रीसेटचे बटण मात्र घाईने दाबू नये. त्याने आत भरलेले कनेक्शनचे युजरनेम व पासवर्ड पुसले जातात. ते वहीत आधीच उतरवून ठेवावेत.

एवढे करूनही नेट सुरू झाले नाही, तर तोंडी तक्रारीवर थांबू नये. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार कंपनीने तक्रार क्रमांक द्यायचा असतो आणि समाधान न झाल्यास अपील करता येते. राउटर आपला असला, तरी लाइन कंपनीची आहे. तिची जबाबदारी आपण का उचलावी?