एकाला तरी हाताशी धरा

काल शनिवारी संध्याकाळी सात ते आठ माझा फोन पुन्हा बंद होता. आठनंतर तिघांनी झापलं. पत्रकाराचा फोन बंद म्हणजे काय, दुकान बंद करायचंय का? तर आज एकदाच कारण सांगून टाकतो. पोस्ट जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

गावात एक फ्लेक्सचं दुकान आहे. तिथं डिझाइन करणारा एकोणीस वर्षांचा पोरगा आमच्याच मंडळीतला. वाढदिवस, निवडीबद्दल अभिनंदन, दशक्रिया विधी, दिवसभर हेच काम. मागच्याच्या मागच्या डिसेंबरात तो नाताळच्या फ्लेक्सचा मजकूर घेऊन माझ्याकडे आला. शुद्धलेखन बघायला लोक माझ्याकडेच येतात. मजकुरात ‘देहधारण’ हवं तिथं ‘देहदान’ पडलं होतं! दोघंही पोट धरून हसलो. मी दुरुस्त करून दिलं. जाता जाता पोरगं म्हणालं, “काका, पण देहधारण म्हणजे नेमकं काय हो? लहानपणापासून नुसतं ऐकतोय.”

मी म्हटलं, “उद्या सांगतो.”

रात्री लक्षात आलं, मला सांगता येत नाही. शब्बाथ शाळेत बक्षिसं मिळवली, इतकी वर्षं उपासनेला बसलो, चार वाक्यं पाठही आहेत. पण माझ्या शब्दांत, एका पोराला पटेल असं? नाही जमत.

मग आम्ही ठरवलं. शनिवारी सात ते आठ, माझ्या ऑफिसात, शटर अर्धं खाली, मार्कचं शुभवर्तमान वाचायचं. मार्क का? चारांत सगळ्यात छोटं, सोळा अध्याय, आणि बातमीसारखं लिहिलेलं. पाल्हाळ नाही, एक घटना झाली की लगेच दुसरी. आठवड्याला एक अध्याय.

पहिले तीन शनिवार मी भाषण ठोकलं. पोरगं जांभया देत होतं. चौथ्या शनिवारी माझा घसा बसला होता, म्हणून म्हटलं, आज तूच वाच आणि काय दिसतंय ते तूच सांग. वादळाचा प्रसंग होता. तारवात पाणी शिरतंय, शिष्य घाबरलेत आणि येशू उशीवर डोकं ठेवून झोपलाय. पोरगं थांबलं. म्हणालं, “काका, एवढ्या वादळात झोप लागली म्हणजे माणूस लई दमला असणार ना? मीपण सीझनमध्ये मशिनच्या आवाजात असाच झोपतो.”

त्या वादळावर मी किती प्रवचनं ऐकली असतील, मोजदाद नाही. सगळी वादळावर आणि ते शांत करणाऱ्या सामर्थ्यावर. त्या झोपेवर एकही नाही. डिसेंबरात मला न देता आलेलं उत्तर त्यानं स्वतःच शोधलं होतं. देव माणूस झाला म्हणजे दमला, झोपला. मी ज्याला शिकवायला बसलो होतो, त्यानं मला शिकवलं. घरी जाताना गाडीवर मी एकटाच हसत होतो. बायलाइन पहिल्या पानावर आली तेव्हासुद्धा एवढा आनंद झाला नव्हता, खरं सांगतो.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर पोस्ट गोडगोड होईल. नवव्या अध्यायानंतर पोरगं गायब झालं. दोन महिने. फोन उचलेना. मित्र ‘पाद्री झाला का रे’ म्हणून चिडवत होते, घरी हप्त्यांची कटकट होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र राग आला. एवढा वेळ दिला आणि याला किंमत नाही! त्याच्या आईला सांगावं असंही मनात आलं.

तेवढ्यात मला आमचे मास्तर आठवले. पत्रकारितेचा डिप्लोमा करून आलो तेव्हा मला शिंगं फुटली होती. तीन वर्षं चर्चची पायरी चढलो नाही. मास्तर दर पंधरा दिवसांनी सायकलवरून पेपरच्या ऑफिसात यायचे, चहा प्यायचे, “आज काय लिहिलंस?” विचारायचे आणि जायचे. ‘चर्चला का येत नाहीस’ हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. आज ते नाहीत. पण मी परत आलो तो त्या सायकलमुळे.

मग मीही फ्लेक्सच्या दुकानात गेलो, ऑफिसची पाटी करायला दिली, चहा प्यायलो आणि काही न बोलता आलो. तिसऱ्या शनिवारी शटर वर झालं.

चौदाव्या अध्यायात येशूला पकडतात त्या रात्री एक तरुण अंगावरचं वस्त्र शिपायांच्या हातात टाकून उघडाच पळतो. पोरगं हसायला लागलं, “काका, हा कोण?” मी सांगितलं, नाव नाहीये, पण तो मार्कच असावा असं पुष्कळ जण मानतात. मग मार्कचीच पुढची गोष्ट काढली, प्रेषितांच्या कृत्यांतली. पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर निघालेला मार्क अर्ध्या वाटेतून घरी परतला. पुढच्या फेरीला पौल म्हणाला, हा नको. बर्णबा म्हणाला, याला घेऊच. इतकं वाजलं की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला गेला. आणि शेवटी तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना तोच पौल मार्कला घेऊन ये म्हणतो, मला त्याचा उपयोग आहे म्हणून. पोरगं बराच वेळ गप्प. मग म्हणालं, “म्हणजे पळालेल्यानंच हे पुस्तक लिहिलं?”

त्याच्याकडे बघून मी काही बोललो नाही.

आपल्या मराठी मातीतही हेच दिसतं. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई कोसळल्या, वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याच्या घरी आल्या तरी आपलं सोवळं सांभाळून होत्या. टिळकांचा स्वभाव तापट, पण इथं त्यांनी जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार केला, जातीचं सोवळं स्वतःच सोडलं आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलंय त्यांना हे ठाऊक आहे. आणि त्याच टिळकांच्या नगरच्या घरात बालकवी ठोंबरे पोटच्या पोरासारखे राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. म्हणून टिळकांची माया आटली नाही.

हे मुद्दाम सांगतोय. आजकाल दोन माणसं बायबल उघडून बसली की लगेच प्रश्न येतो, ‘काय, बाटवताय का?’ माझं म्हणणं सरळ आहे. आमिष किंवा धाक दाखवून माणूस जवळ केला, तर तो फक्त रजिस्टरात येतो. विश्वासात यायला त्याला स्वतःच्या पायांनी चालावं लागतं. आपण फक्त बरोबर चालायचं, आणि तो थांबला तर थांबायचं.

आणि हे आमच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनाही सांगायचंय, रागावू नका. वार्षिक सभेत आपण काय मोजतो? वर्गणी, जागेचा वाद, कोर्टाच्या तारखा, पॅनलची मतं. तरुण पोरं येत नाहीत म्हणून हळहळतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. एकदा तरी विचारा, ‘यंदा तू कुणाबरोबर बसलास?’ धर्मशिक्षणाची पदवी लागत नाही. आठवड्याचा एक तास लागतो आणि ‘मला माहीत नाही’ म्हणायची तयारी लागते. दुसरी गोष्ट जास्त अवघड, हे अनुभवानं सांगतो.

मार्क संपून बरेच दिवस झाले. आता प्रेषितांची कृत्ये चालू आहेत. काल पोरगं पंधरा मिनिटं उशिरा आलं. मी कपाळाला आठी घातली. तर म्हणालं, “काका, दुकानात नवा हेल्पर आलाय, आपल्याच वस्तीतला. जेवणाच्या सुट्टीत त्याच्याबरोबर मार्क चालू केलंय. त्यानं एक प्रश्न विचारलाय, मला येत नाही. तुम्हाला येतो का बघा.”

मलाही येत नव्हता.

तर पुढच्या शनिवारीही सात ते आठ फोन बंद राहील. बातमी असेल तर आठनंतर कळवा.