मांडीवरची गिटार आणि देवळातली पेटी

आपल्या गोव्यात वाद्यांचीही घरे ठरलेली आहेत. पेटी, तबला, पखवाज ही देवळातली. गिटार, मँडोलिन, ट्रम्पेट ही फेस्तातली. (घुमट तेवढे दोन्हीकडे वाजते, पण त्याबद्दल पुन्हा कधीतरी.) मुलगा तबल्याला बसतो की गिटारीला, यावरून त्याच्या अंगणात तुळस आहे की खुरीस याचा अंदाज बांधणारे लोक मला माहीत आहेत. गेल्या चवथीला आमच्या भागातल्या एका भजनी मंडळात एका मुलाने आडवी ठेवून वाजवायची गिटार आणली, तर त्याला सांगण्यात आले, “बाबा, हे आपले वाद्य नव्हे.” सांगणारे गृहस्थ स्वतः पेटीवर बसले होते!

आता पेटीचे कूळ बघा. अलेक्झांद्र दबँ या फ्रेंच कारागिराने १८४२ साली पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. मिशनऱ्यांबरोबर ती इकडे आली, कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला पायांवरून हातावर आणले आणि बघता बघता ती कीर्तनात, नाटकात, गावागावांतल्या देवळांत शिरली. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत होती आणि त्यानंतरही टप्प्याटप्प्यानेच सैल झाली. बंदीमागचे कारण साधे होते : पेटीत मींड नाही आणि तिचे स्वर कारखान्यात ठरून येतात. तरीही आपण तिला आपली मानले. बोरीच्या तुळशीदास बोरकरांची पेटी ज्यांनी ऐकली आहे ते तिला परकी म्हणणार नाहीत, मीही म्हणणार नाही. प्रश्न एवढाच, की जो दरवाजा पेटीला उघडला तो मांडीवरच्या गिटारीला बंद का?

हा वाद वंशावळीने सुटणार नाही. तो कानाने सोडवावा लागेल, आणि त्यासाठी तुम्हाला जरा घाट चढवून धारवाडला नेतो.

दूधसागर, कॅसलरॉक, लोंढा, अळणावर करत गाडी धारवाडला पोचते. स्टेशनाजवळच मळमड्डी. धारवाड म्हटले की मल्लिकार्जुन मन्सूर आणि बसवराज राजगुरू आठवतात, मराठी वाचकाला जी. ए. कुलकर्णीही आठवतात. पण आजच्या विषयाला जवळचे नाव वेगळे आहे : सिताररत्न रहिमत खाँ. त्यांनी या गावात राहून सितारीच्या तारांची मांडणी बदलली, तिला खर्जाचे अंग दिले. त्यांचे नातू छोटे रहिमत खाँ गोव्यात सितार शिकवत आले, म्हणजे ते घराणे आपल्यालाही परके नाही. सांगायचे असे, की वाद्याच्या तारा बदलणे, त्याला आपल्या गाण्याप्रमाणे वळवणे, हे या गावात कोणी पाप मानत नाही.

मळमड्डीत माझा आतेभाऊ राहतो. रेल्वेतून निवृत्त झाला आहे, मी त्याला दादा म्हणतो. त्याने गेल्या पावसाळ्यात घरीच एक गिटार केली. एका जुन्या दाराच्या चौकटीचे सागवान, लांबी ८४ सेंटिमीटर, रुंदी हाताच्या पंजाएवढी, जाडी ४ सेंटिमीटर. पोट नाही, भोक नाही, नुसती फळी. सहा पोलादी तारा सुरात ताणल्या की मिळून साठ-सत्तर किलोंचा ओढा लाकडावर पडतो. पोकळ गिटारीच्या नाजूक मानेला तो सांभाळताना नाकी नऊ येतात, पण ही फळी जागची हलत नाही. खुंट्या एका मोडक्या गिटारीच्या. वरची पट्टी आणि खालची घोडी म्हणजे ॲल्युमिनियमच्या कोनाचे दोन तुकडे, त्यांत तारांसाठी कानशीने पाडलेल्या खाचा. तारा फळीपासून जवळजवळ एक सेंटिमीटर वर, कारण त्या बोटाने खाली दाबायच्याच नाहीत. डाव्या हातात गुळगुळीत पोलादी कांडी धरून ती तारांवरून फिरवायची. ही कांडी हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या एका लेथवाल्याने करून दिली. पिकअप तेवढा तयार आणला. फळीला स्वतःचा आवाज नसतोच, तो पिकअपमधून अँप्लिफायरला जातो.

हे वाचून कोणाला हा घरगुती खेळ वाटेल. पण बाजारात यशस्वी ठरलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार हीच, मांडीवरची! रिकनबॅकर कंपनीने १९३२ च्या सुमारास काढली, आणि आकारामुळे तिला लोक तळणीचा तवा म्हणत.

खरी मजा पुढे, सूर मिळवताना. हवाईयन पद्धतीत जाड तारेपासून सा, प, सा, ग, प, सा असे सूर ठेवतात. कांडी आडवी ठेवली की आख्खा कॉर्ड वाजतो, त्यांच्या गाण्याला ते छान. पण भीमपलास किंवा मालकंस वाजवायला बसलात की तो शुद्ध गंधार मध्येच गुणगुणतो आणि सगळा बेरंग होतो. दादाने ती तार काढली, तिच्या जागी जरा जाड तार घालून ती शेजारच्या षड्जाला मिळवली. झाली तंबोऱ्याची जोडी! मालकंसासाठी पंचमाच्या तारा मध्यमावर उतरवायच्या, हेही आपण तंबोऱ्यावर करतोच. षड्ज काळी एक. जोडीच्या तारा एकत्र छेडायच्या, दोघींत फरक असेल तर आवाज लाटांसारखा वरखाली होतो. खुंटी किंचित फिरवत जायचे, लाटा संथ होतात, मग नाहीशा होतात. एक तार चढवली की बाकीच्यांचा ताण थोडा बदलतो, म्हणून सगळ्या तारांवरून दोनतीन फेऱ्या कराव्या लागतात. नवी तार तर पहिले दोन दिवस उतरतच राहते.

या गिटारीला पडदे नसतात. जागा कळावी म्हणून रेघा मात्र ओढतात. दादाने तक्त्यावरून माप काढून त्या पेन्सिलीने ओढल्या होत्या. वाजणारी तार ५७ सेंटिमीटर. रेघेप्रमाणे शुद्ध गंधार वरच्या पट्टीपासून ११.७६ सेंटिमीटरवर. मी कांडी तिथे ठेवली आणि म्हटले, “दादा, हा ग चढा लागतोय.”

“लागणारच की! रेघ पेटीची आहे रे. रेघेकडं बघू नको, तंबोरा ऐक.”

तंबोऱ्यात आपोआप उमटणारा गंधार षड्जाच्या सव्वापट. तो ११.४ सेंटिमीटरवर सापडतो. म्हणजे रेघेच्या साडेतीन मिलिमीटर अलीकडे. कोमल गंधाराचे उलट, तो रेघेच्या चार मिलिमीटर पलीकडे. पंचमात फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमी. दादाने गंधाराच्या खऱ्या जागी खिळ्याने ठिपके पाडले आहेत, रेघा तशाच ठेवून.

हे साडेतीन मिलिमीटर म्हणजेच आकाशवाणीची तक्रार होती. आजच्या नेहमीच्या पेटीला ते ओलांडता येत नाहीत. मांडीवरच्या गिटारीला नुसते मनगट सरकवावे लागते. आणि मींड तर तिचा श्वासच आहे.

वाजवायची रीतही परकी नाही. विचित्रवीणेवर काचेचा गोळा फिरतो, दक्षिणेत गोट्टुवाद्य आहे. हवाईत जोसेफ केकुकू या शाळकरी पोराला १८८९ च्या सुमारास तीच युक्ती सुचली. १९४० च्या दशकात ताउ मोए कोलकात्यात राहून ही गिटार शिकवत होता. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग मांडले, १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार आणि हरिप्रसादांच्या बरोबरीने ती आहे. विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेला १९९४ साली ग्रॅमी मिळाले. एवढे होऊनही आमच्या मंडळाला ती फेस्तातली वाटते!

तिचे दोष आहेत. द्रुत तानेत कांडी धावताना दाणे पुसट होतात. सितारीची जवारी तिला नाही. आणि वाजवणाऱ्यांपैकी निम्मे लोक प्रत्येक स्वरावर घसरगुंडी करतात, ते ऐकवत नाही. पण ही हातांची तक्रार झाली, कुळाची नव्हे. पेटीवर बोटे आपटणारे आपण कमी ऐकले आहेत का?

त्या मुलाला मंडळाने पुन्हा बोलवावे, असे मी तिथल्या मंडळींना स्पष्ट सांगितले आहे. अडचण एकच येईल. पेटी आणि ही गिटार एकत्र वाजली की सा आणि प जुळतील, गंधारावर दोघांचे भांडण होईल. तेव्हा त्या स्वरावर पेटीवाल्यांनी बोट उचलून घ्यावे.