शिवराईला लाख कशाचे?

साताऱ्यात नाणी जमवतो, म्हणून हल्ली मला एकच प्रश्न येतो : "गुरुजी, ऑनलाइन लिलावात शिवराईला लाख सांगतायत, घरातली विकू का?" परवा सांगलीच्या एका शेतकऱ्याने फोटो पाठवला. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति', अक्षरांमध्ये दोन आडव्या दांड्या. ही दुदांडी शिवराई. शिवरायांच्या नावाची ही तांब्याची नाणी एकोणिसाव्या शतकापर्यंत अनेक टांकसाळींत अमाप पडली. जाणकार ती शे-दोनशेत घेतात. शिवकालीन सोन्याचा होन खरा दुर्मीळ, त्याची गोष्ट वेगळी.

विक्रेत्याने मागितलेला आकडा म्हणजे भाव नव्हे. सौदा कितीला झाला ते बघावं. झिजलेल्या शिवरायांची थैली 'महाराजांचा ठेवा' म्हणून खपवणाऱ्यांचा मला संताप येतो. श्रद्धेवर केलेली ही लूट आहे. उलट बाजूचे ठग तर "नाणं लाखाला घेतो, आधी कमिशन भरा" म्हणतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच सावध केलंय : अशा व्यवहारांसाठी बँक कसलंही शुल्क घेत नाही, कुणाला तसा अधिकारही देत नाही.

आजोबांची शिवराई देवघरातच ठेवा. विकायचीच असेल तर आधी जाणत्याला दाखवा, आणि आगाऊ पैसे कुणालाही देऊ नका.